तवंगात सापडलेला क्यू



रस्सा निवला की वर तेलाचा तवंग धरतो. पथ्यावर असलेला माणूस तो चमच्याने काढून टाकतो. जीवरसायनशास्त्रज्ञांनीही बरीच वर्षे असेच केले. पेशी फोडायची, तिच्यातली प्रथिने निगुतीने वेगळी करायची आणि स्निग्ध भाग बाजूला सारायचा. आज ज्या रेणूची गोष्ट सांगणार आहे, तो या बाजूला सारलेल्या तवंगातच बसून होता. त्याचे नाव कोएन्झाइम क्यू, मराठीत सहविकर क्यू.

आधी प्रश्न काय होता ते पाहू. आपण घेतलेला ऑक्सिजन रक्तावाटे पेशीपेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात पोचतो. शाळेच्या पुस्तकात त्यांना तंतुकणिका म्हणतात. तिथे अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन या हातातून त्या हातात जात अखेर ऑक्सिजनच्या पदरी पडतात आणि पाणी तयार होते. ही श्वसन साखळी. १९२५ साली केंब्रिजच्या डेव्हिड कीलिन यांनी या साखळीतली सायटोक्रोम नावाची रंगीत प्रथिने दाखवून दिली. त्यानंतर सगळ्यांची नजर प्रथिनांवरच खिळली. पण अन्नाकडून इलेक्ट्रॉन उचलणारी विकरे एका टोकाला आणि सायटोक्रोम दुसऱ्या टोकाला. मधला दुवा मात्र सापडत नव्हता.

तो १९५७ साली सापडला. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात डेव्हिड ग्रीन यांच्या प्रयोगशाळेत गुरांच्या हृदयांतून मायटोकॉन्ड्रिया वेगळे काढत. हृदयाला सुट्टी नसते, त्यामुळे तिथे त्यांचा तोटा नाही. फ्रेडरिक क्रेन यांनी त्यांतल्या स्निग्ध भागातून पिवळे स्फटिक मिळवले. त्यांची गंमत अशी, की इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन दिले की पिवळा रंग उडून जातो आणि काढून घेतले की परत येतो. घेणे आणि देणे दोन्ही जमणारा हा रेणू होता. इंग्लंडात लिव्हरपूलला आर. ए. मॉर्टन यांच्या गटाच्या हातीही स्वतंत्रपणे हाच पदार्थ लागला होता. तो जिथे तिथे आढळतो म्हणून ‘सर्वत्र’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यांनी त्याला युबिक्विनोन म्हटले. १९५८ साली मर्क कंपनीतल्या कार्ल फोकर्स यांच्या गटाने त्याची रचना उलगडली. डोक्याशी एक कडे आणि मागे लांबलचक शेपूट. माणसात या शेपटीला पाच-पाच कार्बनचे दहा मणके असतात, म्हणून क्यू-दहा. उंदरात मुख्यतः नऊ, तर पाव फुगवणाऱ्या यीस्टमध्ये सहा. या शेपटीमुळेच तो पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पडद्यात मुरून राहतो.

पण घटनास्थळी सापडला म्हणून त्याच्यावर काम केल्याचा आळ घेता येत नाही. हा रेणू साखळीतला नसून कडेला बसलेला बघ्या असेल, अशी शंका जाणत्यांनीही घेतली. तिचा निकाल लावणारा एक प्रयोग स्टॉकहोममध्ये लार्स अर्न्स्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ साली प्रसिद्ध केला. मायटोकॉन्ड्रिया गोठवून वाळवायचे आणि पेंटेन या द्रावकाने धुवायचे. पेंटेन प्रथिनांना धक्का न लावता क्यू तेवढा खेचून नेते. आता विकरे जागच्या जागी, सायटोक्रोमही जागच्या जागी, पण श्वसन जवळजवळ बंद. मग क्यू पुन्हा घातला, आणि श्वसन सुरू झाले. बघ्या म्हणत होतो, तोच नेआण करत होता.

तो काम कसा करतो? १९७३ साली जर्मनीतल्या क्रोगर आणि क्लिंगेनबर्ग यांनी दाखवले, की क्यूचे रेणू कुणा एका विकराशी बांधलेले नसतात. रिक्षा स्टँडसारखा मामला. मोकळी असेल ती रिक्षा येईल त्या उतारूला घेते आणि पलीकडे सोडते.

पलीकडे मात्र अडचण होती. क्यू एका खेपेला दोन इलेक्ट्रॉन आणतो आणि पुढचा सायटोक्रोम सी एका वेळी एकच घेतो. त्यातच एक चक्रावणारे निरीक्षण होते. अँटिमायसिन या विषाने साखळी मध्येच तुंबवली आणि मग ऑक्सिजन सोडला, तर सायटोक्रोम बी इलेक्ट्रॉन गमावण्याऐवजी ते जास्तच गोळा करत असे. तहानलेल्याने पाणी मागावे आणि शेजारचाच हंडा भरावा, तसे.

याचा उलगडा केला पीटर मिचेल यांनी. मायटोकॉन्ड्रियाच्या पडद्याच्या एका बाजूला प्रोटॉन साठतात आणि परत येताना धरणाच्या पाण्यासारखे ऊर्जा देतात, हे त्यांनी १९६१ सालीच मांडले होते. पुढे इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधला एक जुना वाडा दुरुस्त करून ते तिथेच संशोधन करत राहिले. १९७५ साली त्यांनी ‘क्यू चक्र’ मांडले. क्यू आपला पहिला इलेक्ट्रॉन पुढे पाठवतो. तो गेला तरच दुसरा सुटतो, आणि हा दुसरा सायटोक्रोम बीवरून मागे फिरून दुसऱ्या क्यूला मिळतो. ऑक्सिजनने पुढची वाट मोकळी केली की पहिला गेला, दुसरा सुटला, पण अँटिमायसिनमुळे मागची वाट बंद, म्हणून तो बीवरच अडकला. कोडे सुटले. शिवाय या फेऱ्यामुळे दर दोन इलेक्ट्रॉनांमागे चार प्रोटॉन बाहेर पडतात. १९७८ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिचेल यांना एकट्यांना मिळाले.

या कथेत आपलाही एक धागा आहे. टी. रामशर्मा यांनी विस्कॉन्सिनमध्ये या रेणूवर काम केले आणि पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत तेच संशोधन चालू ठेवले.

आज औषधांच्या दुकानात क्यू-दहाच्या गोळ्या मिळतात. घ्याव्यात का, असे मला नेहमी विचारतात. दोन दाखले देतो. १९८९ साली दोन बहिणींच्या स्नायूंत क्यूचा मोठा तुटवडा आढळला. तो दिल्यावर त्यांची प्रकृती सुधारली. उलट, पार्किन्सनच्या ६०० रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मोठे डोस देऊनही रोगाचा वेग मंदावला नाही. निरोगी शरीर आपला क्यू आपणच बनवते. म्हणून गोळी घेण्याआधी डॉक्टरांना विचारावे, आणि मनात ती स्टॉकहोमची परीक्षानळी आणावी. तिथे क्यू घातल्यावर श्वसन सुरू झाले खरे, पण त्याआधी पेंटेनने तो धुऊन काढलेला होता.