मिल्टनचा सुतार

जुन्या वाड्यातल्या जिन्याच्या कठड्यावर हात टेकला, की आपण सहज म्हणून जातो, ‘काय कारागीर असेल!’ आज अशाच एका कारागिराविषयी बोलणार आहे. त्याचं नाव टॉमस डे.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात १८०१ साली तो जन्मला. कृष्णवर्णीय, पण जन्मानं स्वतंत्र. पुढे शेजारच्या नॉर्थ कॅरोलायनातल्या मिल्टन गावी त्यानं दुकान थाटलं. भोवती तंबाखूचे मळे. मळेवाले गोरे धनिक हीच त्याची गिऱ्हाइकं. महोगनी आणि अक्रोडाच्या लाकडाचे पलंग, कपाटं, खुर्च्या तो घडवी. जिन्याच्या पायथ्याचा खांब असा वळवी, की लाकडात लाट उठली असं वाटावं.

१८३० साली व्हर्जिनियातल्या अक्विला विल्सनशी त्याचं लग्न झालं आणि पेच पडला. परराज्यातल्या स्वतंत्र कृष्णवर्णीयांना नॉर्थ कॅरोलायनात येऊन राहायला कायद्यानं बंदी होती. नवरा-बायकोच्या मध्ये राज्याची सीमा आली! असा कारागीर गाव सोडून जाईल, या काळजीनं मिल्टनच्या गोऱ्या रहिवाशांनी विधिमंडळाकडे अर्ज केला. राज्याच्या ॲटर्नी जनरलनंही शिफारस केली. त्यांचं म्हणणं असं, की कृष्णवर्णीयांत काही गडबड झालीच, तर हा माणूस आपल्याला खबर देईल. कारण तो जमिनीचा आणि गुलामांचा मालक आहे.

अक्विलाला परवानगी मिळाली. संसार सुरू झाला.

होय, डे गुलामांचा मालक होता. १८५०च्या सुमारास तो राज्यातला सर्वांत मोठा फर्निचर कारखानदार झाला. त्याच्याकडे गोरे कामगार होते, तसेच गुलामही होते. आपली मुलं मात्र त्यानं शिकायला दूर मॅसॅच्युसेट्सला पाठवली. तिथं गुलामगिरी नव्हती. पुढे १८५७च्या मंदीत धंदा बुडाला.

मिल्टनच्या प्रेस्बिटेरियन चर्चमधले त्याचे बाक आजही आहेत. २०१३ साली वॉशिंग्टनच्या रेनविक गॅलरीत त्याच्या कामाचं प्रदर्शन भरलं.

मी कविता लिहितो. कवितेखाली माझं नाव छापलं जातं. डेचं नावही उरलं, आणि ते उरायलाच हवं. वर्णामुळे पावलोपावली अडवणाऱ्या समाजात त्यानं ते मिळवलं. पण त्याच्या कारखान्यात ज्यांनी लाकूड कापलं, रंधा मारला, त्या गुलामांची नावं कुठल्याच खुर्चीवर नाहीत. जुन्या लाकडावरून हात फिरवताना डेची आठवण ठेवू या, आणि त्यांचीही.