कुणबी, कूळ आणि बर्गादार
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवासाठी मी निवडलेला विषय आपणांपैकी काहींना अनपेक्षित वाटेल. आपण नोकरी-व्यवसायाच्या निमित्ताने कोलकात्यात येऊन स्थिरावलेली माणसे. बहुतेकांचा नांगराशी संबंध दोन-तीन पिढ्यांपूर्वीच सुटला. तथापि मराठी आणि बंगाली या दोन्ही भाषा कानी पडणाऱ्यास एक सोय असते. एकाच श्रमाला दोन समाजांनी कोणकोणती नावे दिली, हे तो ताडून पाहू शकतो. शेतात राबणाऱ्या माणसाची ही नावे म्हणजे केवळ कोशाची सामग्री नव्हे. कोणाला कोणते नाव मिळाले, यावर जमीन कोणाची हे ठरत आले आहे. एवढेच आज मला सांगावयाचे आहे.

प्रथम आपल्या घरची नावे पाहू. ‘कुणबी’ हा शब्द संस्कृत ‘कुटुंबिन्’पासून आला असे मानतात, म्हणजे मुळात तो घरसंसार असणारा गृहस्थ. पुढे ते धंद्याचे आणि जातीचेही नाव झाले. शेतीलाच ‘कुणबीक’ म्हणू लागले. महात्मा फुले यांनी १८६९ सालच्या पोवाड्यात शिवाजीमहाराजांना ‘कुळवाडीभूषण’ म्हटले आणि कसणाऱ्याचे नाव छत्रपतींच्या नावाशेजारी बसविले. परंतु ‘कुणबट’ हे हेटाळणीचे रूपही आपल्याच भाषेने घडविले. बंगालीतही असेच झाले आहे. ‘चाषी’ म्हणजे शेतकरी. ‘चाषा’ म्हटले की त्यात अडाणीपणाचा टोमणा येतो.

पेशवाईतील कागदांत ‘मिरासदार’ आणि ‘उपरी’ असे दोन शब्द भेटतात. मिरासदार वंशपरंपरेने जमीन धारण करणारा, गावात मान असलेला; उपरी बाहेरून येऊन कसणारा. पाऊस दोघांवर सारखाच पडे, पण हक्क सारखा नव्हता. कोकणात सरकार आणि ‘कूळ’ यांच्यामध्ये ‘खोत’ उभा होता. त्याहून खाली ‘सालगडी’. त्याचे साल गुढीपाडव्याला ठरते. आणि सर्वांत खाली ठाणे जिल्ह्यातील वारली समाजातला ‘लग्नगडी’. लग्नासाठी काढलेले कर्ज फेडण्याकरिता हा माणूस सावकाराकडे राबे, आणि पुष्कळदा त्याची पत्नीही राबे. गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात १९४५ साली सुरू झालेल्या वारल्यांच्या लढ्याची हकीकत आहे. वेठबिगारी देशभर रद्द करणारा कायदा मात्र १९७६ साली झाला.

नावाला किती किंमत असते हे १९४८ च्या मुंबई कूळकायद्याने दाखविले. त्यातील पुढील दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला. त्या दिवशी जो ‘कूळ’ म्हणून जमीन कसत होता, तो ठरावीक किंमत देऊन मालक होण्यास पात्र झाला. जो ‘गडी’ वा ‘मजूर’ ठरला, त्याला काही मिळाले नाही. तेव्हा त्या दिवसापूर्वी कुळाने जमीन ‘स्वखुशीने’ सोडल्याचे कागद गावोगाव झाले, यात नवल नाही. पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर व खुदानपूर यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीने कायदा आणि शेतावरील व्यवहार यांतील हे अंतर उघड केले. माणूस तोच, शेत तेच. कागदावरचा एक शब्द बदलला आणि पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट संपली.

आता बंगालकडे वळू. १७९३ मध्ये कायमधाऱ्याची पद्धत लागू झाली, तो निर्णय याच नगरीतून झाला. वर जमीनदार, मध्ये जोतदार, खाली रायत आणि तळाशी ‘भागचाषी’ किंवा ‘बर्गादार’. उत्तर बंगालात त्यालाच ‘आधियार’ म्हणत, कारण त्याच्या वाट्याला पिकाचा अर्धा भाग. १९२८ च्या दुरुस्तीने बर्गादाराला सर्वसाधारणपणे कूळ मानण्याचेच नाकारले. १९४० साली फ्लाउड आयोगाने त्याला कुळाचा दर्जा आणि दोनतृतीयांश पीक द्यावे अशी शिफारस केली. ती कागदावरच राहिली, म्हणून १९४६-४७ मध्ये ‘तेभागा’ आंदोलन पेटले आणि कसणाऱ्यांनी भाताच्या पेंढ्या जोतदाराच्या खळ्यावर न नेता आपल्या खळ्यावर नेल्या. पुढे १९७८ साली ‘ऑपरेशन बर्गा’ सुरू झाले. सरकारी अधिकारी गावात सभा घेऊन बर्गादारांची नावे नोंदवू लागले. वाद निघाला की मालकाचे उत्तर ठरलेले असे: हा वाटेकरी नव्हे, हा तर माझा ‘मुनिष’, रोजंदारीचा मजूर! तरीही काही वर्षांत सुमारे १४ लाख नावे नोंदली गेली, आणि नाव नोंदलेल्यास मनमानीने जमिनीवरून काढणे अवघड झाले.

‘बर्गादार’ या शब्दाने मराठी कान टवकारतो, कारण ‘बर्गी’ हा शब्द येथे आपल्या पूर्वजांसाठी रूढ आहे. १७४२ पासून सुमारे दशकभर नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्या झाल्या. बंगाली अंगाईत बर्गी येतात आणि खंड कोठून भरावा ही चिंताही येते. ती रयतेची चिंता आहे. त्याच बंगालला एका मराठी घराण्यातील पुरुषाने निराळी भेट दिली. देवघरच्या परिसरात १८६९ साली जन्मलेल्या सखाराम गणेश देउस्कर यांनी १९०४ मध्ये ‘देशेर कथा’ लिहून परकीय सत्तेखाली शेतकरी आणि कारागीर कसे नागवले गेले हे बंगालीतच मांडले.

या सर्व नावांत स्त्री कोठे आहे? पेशवेकालीन दप्तरात ‘कुणबीण’ याचा अर्थ कुणब्याची स्त्री असा नसून बहुधा दासी असा आहे. पुरुषरूपी शब्दाने गृहस्थ दाखविला, स्त्रीरूपी शब्दाने विकत घेतलेली बाई. ‘शेतकरीण’ हा शब्द आज आहे. परंतु लावणी, निंदणी, कापणी करणाऱ्या बाईचे नाव सातबाऱ्यावर क्वचितच सापडते.

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. २०११ च्या जनगणनेत देशात शेती कसणारे ११ कोटी ८८ लाख, तर शेतमजूर १४ कोटी ४३ लाख नोंदले गेले. २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणाने ‘शेतकरी’ या शब्दात कूळ, वाटेकरी आणि मजूर यांनाही स्थान दिले. असे असूनही २०१९ मध्ये सुरू झालेली वर्षाला ६,००० रुपयांची केंद्रीय मदत ही जमीनधारक कुटुंबांसाठी आहे. पश्चिम बंगालच्या ‘कृषक बंधु’ योजनेत नोंदलेल्या बर्गादारास जागा मिळाली. चाळीस वर्षांपूर्वीच्या नोंदीचे हे फळ.

शेवटी एक विनंती. या सभागृहात असे अनेकजण असतील, ज्यांची कोकणात किंवा देशावर थोडी शेती आहे आणि ती कोणीतरी ‘वाट्याने’ करतो. हा व्यवहार बहुधा तोंडी असतो, कारण नाव लिहिले तर जमीन जाईल ही भीती आपल्या मनात असते. पण नाव नसल्यामुळे त्या माणसाला पीककर्ज मिळत नाही आणि गारपीट झाली तर भरपाई मालकाच्या खात्यात जमा होते. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा तो वर्षभर काय पेरतो, हे विचाराच. पण त्याचे नाव कोठे लिहिले आहे, हेही विचारा. आणि गेल्या वर्षी भरपाई आली असेल, तर ती त्याच्या हाती पोहोचवा.