पद्मिनीचा कार्बोरेटर काढला, पण टाकून नाही दिला

आजच्या भागात कोड थोडा कमी आणि पेट्रोलचा वास थोडा जास्त आहे. आमच्या घरी १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. तिचा कार्बोरेटर काढून मी त्या जागी इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शन बसवलं, त्याची ही गोष्ट. बऱ्याच जणांनी मेसेज करून विचारलं होतं, पॉवर किती वाढली? आधीच सांगून टाकतो: वाढली नाही. तेवढंच ऐकायचं असेल तर इथे थांबलात तरी चालेल.

तुमच्यातल्या अनेकांनी पद्मिनी फक्त सिनेमातली काळी-पिवळी टॅक्सी म्हणून पाहिली असेल. मुळात फियाट ११०० चं हे आपल्याकडचं रूप, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेलं. १०८९ सीसीचं इंजिन, चाळीसच्या आसपास हॉर्सपॉवर, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी आणि डॅशबोर्डवर चोकची खुंटी. सकाळी ती खुंटी किती ओढायची आणि किती वेळाने आत ढकलायची, हे फक्त बाबांच्या हाताला माहीत. मला आणि आईला ते कधीच जमलं नाही. आम्ही चालू करायला गेलो की इंजिन पेट्रोलने भिजायचं, आणि मग अर्धा तास बॉनेट उघडून बसायचं.

आणि गाडी ट्यून करायची तर आमच्या पेठेतले एक मिस्त्री. ते एअर क्लीनर काढायचे, स्क्रू अर्धा आटा फिरवायचे, मान तिरकी करून ऐकायचे, परत पाव आटा. पाच मिनिटांत इंजिन घड्याळासारखं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी गॅरेज बंद केलं. त्यानंतर जिथे गाडी नेली तिथल्या पोराने पहिला प्रश्न विचारला, "स्कॅनर कुठे लावायचा?" त्याचा दोष नाही. आपल्याकडच्या कारमधून कार्बोरेटर साधारण २००० सालच्या आगेमागे गेला, बहुतेक नव्या दुचाकींमधून तो एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आल्यावर गेला. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. त्या पोराने सोलेक्स कार्बोरेटर शिकायचा तरी कुणासाठी?

त्यात पंपावर ई-२० पेट्रोल आलं. इथे जरा थांबू, कारण हे नीट समजलं तर पुढचं सगळं सोपं आहे.

शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला एक किलोला १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे ई-२० ला साधारण १३.५ किलोच पुरते. म्हणजे त्याच हवेला पेट्रोल जास्त द्यायला हवं. आता कार्बोरेटर काय करतो? हवा अरुंद गळ्यातून जोरात जाते, तिथे दाब कमी होतो, आणि त्या ओढीने जेटच्या बारीक भोकातून पेट्रोल वर येतं. किती सुंदर गोष्ट आहे बघा, एकही वायर नाही! पण ते भोक ठरलेल्या मापाचं. त्याला टाकीत काय भरलंय ते कळत नाही. शुद्ध पेट्रोलसाठी काढलेलं भोक ई-२० वर आठेक टक्के कमी पडतं, मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं, पिकअप देताना अडखळतं. याच्या उलट घाटात. पुण्याहून महाबळेश्वरला गेलात की सातशे-आठशे मीटर वर चढता, हवा सात-आठ टक्के विरळ होते, भोक तेवढंच, म्हणून मिश्रण घट्ट होत जातं. पाचगणीला पोचेपर्यंत प्लग काळे. उन्हाळ्यात ट्रॅफिकमध्ये पंपातच पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडते, मग पंपावर ओलं फडकं. जुन्या पद्मिनीवाल्यांच्या डिकीत ते फडकं असतंच.

इंजेक्शनमध्ये आपण अंदाज सोडून हिशेब करतो. इनटेकमधला दाब मोजायचा, हवेचं तापमान मोजायचं, आरपीएम मोजायचा. बारावीतला पीव्ही बरोबर एनआरटी आठवतोय? तोच. एका सिलिंडरची जागा २७२ सीसी. ती पूर्ण भरली तर हवा साधारण ०.३३ ग्रॅम, म्हणजे पेट्रोल हवं २२ ते २४ मिलिग्रॅम. पण सिलिंडर दर वेळी पूर्ण भरत नाही. किती भरतो त्याची टक्केवारी एका टेबलमध्ये ठेवायची: आडवा आरपीएम, उभा दाब, १६ बाय १६, २५६ खाने. इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा ते त्यावरून निघतं. मी स्पीडुइनो वापरलं. ते ओपन सोर्स आहे, आर्डुइनो मेगावर चालतं, कोड उघडून वाचता येतो. रेडिमेड किटं मिळतात, पण मला वाचता न येणारा डबा बसवायचा नव्हता.

बाबांना सांगितलं तेव्हा ते दोन दिवस काहीच बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी चहा घेताना म्हणाले, "करायचं तर कर. पण गाडीला एकही भोक पाडायचं नाही. आणि उद्या तू बेंगळुरूला गेलास तर ही चालू कोण करणार, ते आधी सांग."

पहिल्या अटीमागे एक कारण होतं. २०२१ च्या नियमानुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंद करता येते, पण ती मूळ रूपात असावी लागते आणि इंजिनातले मोठे बदल त्यात चालत नाहीत. आमच्या गाडीला २०३४ मध्ये पन्नास पूर्ण होतील. बाबांनी ते वर्ष मनात धरून ठेवलंय. तुम्ही असं काही करणार असाल तर आधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारा, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दलच आहे. दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

भोक पाडायचं नाही म्हटल्यावर प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर हा विषय संपला. मग सिंगल पॉइंट: कार्बोरेटर बसायचा त्याच स्टडवर ॲडॅप्टर, त्यावर भंगारातून आणलेली थ्रॉटल बॉडी आणि दोन छोटे इंजेक्टर. छोटे का? चाळीस हॉर्सपॉवरला पूर्ण जोरात मिनिटाला साधारण २०० मिली पेट्रोल लागतं. मोठा इंजेक्टर घेतला तर आयडलिंगला तो इतका कमी वेळ उघडतो की धड उघडायच्या आतच बंद करायची वेळ येते. पाण्याच्या तापमानाचा सेन्सर रेडिएटरच्या होजमध्ये जोडतुकडा घालून. ऑक्सिजन सेन्सरसाठी सायलेन्सरचा पुढचा पाइप नवीन करून घेतला, जुना माळ्यावर आहे.

पेट्रोलच्या लाइनचं मात्र गंमत म्हणून ऐकू नका. जुना पंप ०.३ बारच्या आसपास दाब देतो, इंजेक्शनला ३ बार लागतो. दहा पट. जुनी रबरी नळी आणि स्क्रूचा साधा क्लिप तिथे ठेवला तर गरम सायलेन्सरवर पेट्रोलचा फवारा उडू शकतो. इंजेक्शनच्या दाबाची, इथेनॉल चालणारी नळी घ्या. इंजिन थांबलं की पंप आपोआप थांबलाच पाहिजे. आणि फायर एक्स्टिंग्विशर पुढच्या सीटखाली, डिकीत नाही.

आता माझी फजिती. इग्निशनला मी मुद्दाम हात लावला नव्हता. पॉइंट, कंडेन्सर, डिस्ट्रिब्युटर सगळं तसंच. आरपीएमचा सिग्नल कॉइलच्या निगेटिव्हवरून घेतला. इंजिन चालू झालं, मी उड्या मारल्या, आणि स्क्रीनवर आरपीएम ९०० चा एकदम १८००, परत ९००. पॉइंट उघडताना कॉइलवर शेकडो व्होल्टचा झटका येतो आणि पुढे तो हेलकावत राहतो, एका ठिणगीचे दोन मोजले जातात. म्हणून पुलीवर ३६ वजा १ चं दातेरी चाक लावलं: ३६ दातांची जागा, त्यातला एक गाळलेला, तो रिकामा गॅप आला की चाक कुठे आहे ते कळतं. समोर हॉल सेन्सर. आयडलिंग छान. पण ३००० आरपीएमला गाडी हिसका द्यायची आणि लॉगमध्ये सिंक लॉस.

मी इंजिनिअर माणूस, संशय कोडवर. तीन वीकेंड फिल्टरच्या सेटिंग बदलल्या, फर्मवेअर परत चढवलं, इंटरप्ट वाचत बसलो. चौथ्या रविवारी त्या मिस्त्री काकांना घरी जेवायला बोलावलं होतं. त्यांनी लॅपटॉपकडे बघितलंही नाही. वायरिंग बघितलं आणि विचारलं, "अर्थ किती ठिकाणी घेतलायस?"

चार ठिकाणी. सेन्सरचा एक, इंजेक्टरचा एक, ईसीयूचा बॉडीला, आणि इंजिन ते बॉडी जुनी गंजलेली पट्टी. चाळीस वर्षांच्या पत्र्यात प्रत्येक ठिकाणचा झिरो व्होल्ट वेगळा होता. त्यात प्लगच्या वायरी तांब्याच्या, त्या तर रेडिओ स्टेशनच. सगळे अर्थ इंजिनवर एका बोल्टला आणले, सेन्सरची शील्डेड केबल एकाच टोकाला अर्थ केली, प्लगला रेझिस्टरवाल्या वायरी घातल्या. सिंक लॉस शून्य. कोडची एक ओळ बदलावी लागली नाही.

त्याच दुपारी काका म्हणाले, "आयडलिंगला जरा घट्ट आहे." मी वाइडबँड बघितला. लॅम्ब्डा ०.८८. खरंच घट्ट. हा आकडा स्क्रीनवर होता, पण त्यांची खुर्ची अंगणात होती.

मग ट्युनिंग आम्ही तिघांनी केलं. बाबा गाडी चालवणार, मी शेजारी लॅपटॉप घेऊन, काका मागे. कात्रजचा घाट, मग एकदा पसरणी घाट. ॲक्सिलरेटर एकदम दाबला की क्षणभर दम जायचा. काका म्हणाले, कार्बोरेटरला यासाठी पिचकारी असते, तुझ्यात कुठेय? बरोबर. सिंगल पॉइंटमध्ये पेट्रोल थोडा वेळ इनटेकच्या भिंतीला चिकटून राहतं, म्हणून एकदम हवा वाढली की थोडं जास्तीचं टाकावं लागतं. ती सेटिंग होती, मी शून्यावर ठेवली होती. प्रत्येक फेरीनंतर फाइल सेव्ह करून गिटवर चढवली, आणि कमिटच्या मेसेजमध्ये काकांचं वाक्य जसंच्या तसं. "तिसऱ्यात चढाला गुदमरते." "थंडीत अजून दोन घास दे." असे एकतीस कमिट आहेत.

निकाल म्हणाल तर मायलेज लिटरला एखाद किलोमीटर वाढलं असेल, शपथेवर सांगणार नाही. पाचगणीला प्लग काढून बघितले, फिके तपकिरी. ओलं फडकं अजून डिकीत आहे, वापरलं नाही. एक गोष्ट मात्र गेली. पूर्वी गाडी रस्त्यात बंद पडली तर बाबा स्क्रू-ड्रायव्हर आणि टूथब्रशने जेट साफ करून घरी यायचे. आता पुलीवरचा सेन्सर गेला तर टोइंग.

म्हणून बाबांच्या दुसऱ्या प्रश्नाचं जे जमलं ते उत्तर असं. डिकीत एक पत्र्याची पेटी. त्यात सोलेक्स, रॉकेलने धुऊन तेल लावलेला, जुना पंप, नवीन गॅस्केटं, दोन पाने आणि मराठीत छापलेली चार पानं: कुठली वायर सोडायची, इंजेक्शनच्या पंपाचा फ्यूज आधी काढायचा, कुठली नळी कुठे. गणपतीच्या सुट्टीत बाबांनी ती पानं घेऊन एकट्याने कार्बोरेटर परत चढवला. मी फक्त घड्याळ लावून बसलो होतो. दोन तास चाळीस मिनिटं, त्यात एक चहा. चौथ्या पानावर एक चूक निघाली, ती त्यांनी पेनने दुरुस्त केली.

दुसऱ्या दिवशी परत इंजेक्शन बसवलं. चोकची खुंटी डॅशबोर्डवर तशीच आहे, तिला काही जोडलेलं नाही. सोमवारी सकाळी आई गाडी घेऊन मंडईत गेली. खुंटी तिने सवयीने ओढली म्हणे, आणि मग हसली.

वायरिंगचा नकाशा आणि टेबलची फाइल या भागाखाली ठेवतोय. फाइल जशीच्या तशी दुसऱ्या इंजिनावर चढवू नका, पुढच्या वेळी ती वाचायची कशी ते बघू.