जाईबाई चौधरींची शाळा आणि एक पंगत
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला सांगितले की, यंदा एखाद्या जुन्या शिक्षिकेविषयी बोला; जमल्यास ती खेळाडूही असावी, म्हणजे मुलींना गोडी वाटेल. मी आपली विचार करीत बसले. खेळाडू म्हणावी अशी शिक्षिका काही डोळ्यांपुढे येईना. पण जिने कोवळ्या वयात दुसऱ्यांचे ओझे डोक्यावर घेऊन नागपूर-कामठीची वाट तुडवली, तिच्या पायांतला जोर कोणत्या मैदानावर मोजायचा? ती बाई आपल्याच नागपूरची. जाईबाई चौधरी तिचे नाव. आपल्यापैकी कितींनी ते ऐकले आहे? लाजू नका, चार-पाच वर्षांपूर्वीपर्यंत मीही ऐकले नव्हते, आणि मी तर जन्मभर याच शहरात मास्तरीण म्हणून पगार घेतला!

मला त्या भेटल्या पुस्तकात. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघींनी १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक लिहिले. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांचा शोध त्यांनी दारोदार फिरून घेतला. नातीने वाचनालयातून ते आणले, म्हणून माझ्या हाती पडले.

जाईबाईंचा जन्म १८९२ सालचा, उमरेडचा, महार कुटुंबातला. १८९६ साली दुष्काळ पडला आणि घरची मंडळी नागपुरास आली. इथे मिशनच्या शाळेत त्या चौथीपर्यंत शिकल्या. १९०१ साली, म्हणजे नवव्या वर्षी, बापूजी चौधरींशी लग्न झाले. चौथी शिकलेली सून, पण घरात दारिद्र्य. तेव्हा हमाली पत्करली. उतारूंचे सामान डोक्यावर आणि पायांखाली कामठीची वाट, अंतर सुमारे पंधरा किलोमीटर. आपण मे महिन्यात चितार ओळीपर्यंत जायचे म्हटले तरी रिक्षा शोधतो.

पुढे ग्रेगरी नावाच्या एका मिशनरी बाईंची गाठ पडली. डोक्यावर पेटी घेतलेल्या या मुलीला लिहिता-वाचता येते हे पाहून त्यांनी तिला शाळेत शिकवायला नेमले. पगार महिना चार रुपये. हमालाची मास्तरीण झाली. पण ही शिकविणारी बाई कोणत्या जातीची आहे हे कळले, तेव्हा वरच्या जातींच्या पालकांनी ओरड केली आणि नोकरी गेली. मुलींना अक्षरे नीट येत होती की नाही, हे कोणी विचारले नाही.

मला इथे थोडे थांबावेसे वाटते. नोकरी गेल्यावर पुन्हा हमालीला जाणे सोपे होते. वाट पायाखालचीच होती. जाईबाईंनी मात्र १९२२ साली स्वतःची मुलींची शाळा काढली आणि तिला संत चोखामेळ्याचे नाव दिले. पंढरीच्या देवळात ज्याला पाऊल टाकू दिले नाही, पायरीशीच ज्याची समाधी झाली, त्याचे नाव! जिच्या हातून शिकायला मुली पाठवीत नव्हते, तिच्या शाळेच्या पाटीवर दुसरे कोणते नाव शोभले असते? मीही शाळेत होते, पण बांधलेल्या इमारतीत, सरकारी अनुदानावर. नाहीच्यातून शाळा उभी करणे म्हणजे काय, हे मला ठाऊक नाही. मुली गोळा करायच्या तर आधी आयांची समजूत घालावी लागते. धाकट्याला सांभाळायला घरी कोण, हा प्रश्न तर माझ्या काळीही दर वर्षी जूनमध्ये उभा राही.

आता जी गोष्ट सांगणार आहे ती आपल्यासारख्यांनाच सांगायची आहे. १९३७ च्या डिसेंबरात अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन नागपुरास भरले. शिकल्यासवरल्या, स्त्रियांच्या हक्कांवर बोलणाऱ्या बायका जमल्या. जाईबाईही गेल्या. त्या वेळी त्या पंचेचाळीस वर्षांच्या, पंधरा वर्षे शाळा चालविलेल्या. जेवणाच्या वेळी त्यांना पंगतीत न घेता वेगळे बसविले. व्यासपीठावर सगळ्या भगिनी, आणि पानावर मात्र नाही!

त्यांच्या माणसांनी हे गिळले नाही. १ जानेवारी १९३८ रोजी दलित स्त्रियांनी नागपुरातच सभा भरवून निषेध केला. आणि २० जुलै १९४२ रोजी याच शहरात अखिल भारतीय दलित महिला परिषद झाली, अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षा, बाबासाहेब आंबेडकर उपस्थित, बायका हजारोंनी. घटस्फोटाचा हक्क हवा, एकाहून अधिक बायका करण्याची चाल बंद व्हावी, गिरण्यांत आणि बिडी कारखान्यांत राबणाऱ्या बायकांना रजा आणि दुखापतीची भरपाई मिळावी, असे ठराव तिथे झाले. हिंदू विवाहाचा कायदा व्हायला १९५५ साल उजाडले. तेरा वर्षे आधी या बायका ते मागत होत्या.

पंगतीची ती गोष्ट वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण आमच्या घरी ओट्याखाली एक वेगळा कप होता. भांडी घासायला येणाऱ्या बाईचा. कान तुटलेला, निळ्या फुलांचा. सासूबाईंच्या वेळचा म्हणून मी तो तसाच चालू ठेवला. शाळेत मी समतेचा धडा शिकवीत असे, परीक्षेत त्यावर पाच गुणांचा प्रश्नही घालीत असे, आणि घरी येऊन त्याच कपात चहा ओतून देत असे. ती बाई अठरा वर्षे आमच्याकडे होती. तिने कधी काही म्हटले नाही. मीही कधी विचारले नाही. पुस्तक वाचले तेव्हा ती काम सोडून मुलाकडे गेली होती. कप मी फेकून दिला, पण तो कोणासाठी फेकला, हे मला अजून सांगता येत नाही.

हे सांगितले, कारण सकाळपासून आत तीन बाया आपल्यासाठी गोळाभात आणि कढी करीत आहेत. आजवर आपली पंगत उठल्यावर त्या मागच्या ओसरीवर जेवतात. कोणी तसे ठरविलेले नाही, तसे चालत आले आहे. माझ्या शेजारची तीन पाने मी मघाशी मोकळी ठेवली आहेत. वाढायचे काम मी आणि चिटणीसबाई करू. भाषण लांबले, भात निवतो आहे. चला.