डिस्क भरली, फाइल उडवली, तरी जागा मोकळी होईना

आजचा भाग पोहरादेवीहून, घरूनच रेकॉर्ड करतोय. मागे ट्रॅक्टर किंवा कुत्र्यांचा आवाज आला तर चालवून घ्या. कमांड मी बोलताना जशा म्हटल्या तशाच इथे देवनागरीत उतरवल्यात.

नवीन लोक मला एक प्रश्न सारखा विचारतात: सर्व्हरची डिस्क शंभर टक्के भरली, आता काय उडवू? "काय उडवू" हाच शब्द असतो. मी पण हेच केलं होतं. ते आधी सांगतो.

ज्यांना गाव माहीत नाही त्यांच्यासाठी: वाशिम जिल्हा, मानोरा तालुका. संत सेवालाल महाराजांची समाधी इथे आहे. बंजारा समाज या गावाला आपली काशी मानतो आणि रामनवमीच्या यात्रेला लाखो लोक येतात. त्या दिवसात मोबाईलवर रेंजच्या काड्या पूर्ण दिसतात, पण डेटा हलत नाही. अशाच एका यात्रेच्या रात्री, एकच्या सुमारास, ज्युनियरचा फोन आला. "दादा, साइट बंद पडलीय." एका ग्राहकाची साइट. मुलं शिष्यवृत्तीच्या अर्जासोबत कागदपत्रांचे स्कॅन त्यावर टाकायची.

गच्चीवर जाऊन फोनवरूनच एसएसएच केलं. डीएफ डॅश एच मारलं, तर शंभर टक्के. मग एका लॉग फाइलने जवळजवळ अर्धी डिस्क खाल्लेली दिसली. आरएम केलं. परत डीएफ. परत शंभर टक्के!

इथे जरा थांबू, कारण बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. लिनक्समध्ये फाइलचं नाव वेगळं आणि फाइल वेगळी. नाव फोल्डरमध्ये असतं, आणि ते एका आयनोडकडे बोट दाखवतं. खरा डेटा त्या आयनोडला बांधलेला असतो. आरएम फक्त नाव काढतं. एखाद्या चालू प्रोसेसने ती फाइल उघडून ठेवली असेल तर डेटा तसाच राहतो. घरावरची पाटी काढली म्हणून आतला माणूस थोडीच घर सोडतो? म्हणून डीयू म्हणतं जागा आहे, कारण ते नावं धरून मोजतं, आणि डीएफ म्हणतं नाही, कारण ते फाइलसिस्टमलाच विचारतं. अशा बेनाव फाइल बघायच्या तर एलएसओएफ, मग प्लस, कॅपिटल एल, एक. जी सर्व्हिस फाइल धरून बसलीय ती रिस्टार्ट केली की जागा सुटते. आणि मुळात चालू लॉग आरएम करायचाच नाही, ट्रंकेट डॅश एस शून्य करून रिकामा करायचा.

अजून एक, पटकन. डीएफ डॅश एच जागा मोकळी दाखवतंय तरी "नो स्पेस लेफ्ट" येत असेल, तर डीएफ डॅश आय बघा. आयनोड संपलेले असतात. लाखो बारक्या सेशन फाइल साचल्या की असं होतं.

मला तेव्हा यातलं एलएसओएफवालं माहीत नव्हतं. मला वाटलं अजून उडवायला पाहिजे. म्हणून घाईत दोन ओळींची स्क्रिप्ट लिहिली. पहिल्या ओळीत सीडी करून जुन्या एक्सपोर्टच्या फोल्डरमध्ये जायचं. दुसऱ्या ओळीत फाइंड डॉट, सात दिवसांपेक्षा जुन्या फाइल, डॅश डिलीट. फोनच्या कीबोर्डवर फोल्डरच्या नावात एक अक्षर चुकलं. सीडी फेल झालं. एरर आली, पण बॅश एका ओळीत एरर आली म्हणून थांबत नाही, पुढची ओळ चालवतं. मी होतो ॲपच्या युजरच्या होम फोल्डरमध्ये, आणि अपलोड केलेले स्कॅन तिथेच होते.

डीएफ खाली आलं. मी खूश! पाच मिनिटांनी ज्युनियरने विचारलं, "दादा, जुन्या अर्जांचे स्कॅन उघडत नाहीयेत?"

आता तुम्ही म्हणाल, फाइलच तर होत्या. पण इथे उत्पन्नाचा दाखला काढायचा म्हणजे मानोऱ्याला खेपा, एक दिवसाची मजुरी बुडवून. माझ्या घरातल्यांनी त्या खेपा घातलेल्या आहेत. असे कितीतरी दाखले मी एका कमांडने उडवले होते. बॅकअप बघायला गेलो, तर डिस्क भरल्यामुळे तोही चार दिवस झालाच नव्हता, कारण तो आधी त्याच डिस्कवर झिप बनवायचा. आहे तो चार दिवसांपूर्वीचा. त्यात रेंज जात होती. बॅकअप रिस्टोर करताना एसएसएच दोनदा तुटलं आणि दोन्ही वेळा चालू काम त्याच्यासोबत मेलं. तिसऱ्यांदा टीमक्स उघडून त्यात चालवलं. कनेक्शन तुटलं तरी टीमक्समधलं काम सर्व्हरवर चालू राहतं, परत आलात की टीमक्स अटॅच. हे मी पहिल्याच मिनिटाला करायला हवं होतं.

सकाळी सहाला सगळे स्कॅन परत आले. उडालेल्या फाइल आठवड्यापेक्षा जुन्या, म्हणून चार दिवस जुन्या बॅकअपमध्ये होत्या. अटीत सातच्या जागी दोन लिहिलं असतं तर मधल्या दोन दिवसांचे गेले असते, कायमचे. निव्वळ नशीब.

ही चूक फक्त नवख्यांची नाही बरं का. जानेवारी 2015 मध्ये लिनक्सवरच्या स्टीम या गेमिंग सॉफ्टवेअरच्या स्क्रिप्टमध्ये असाच बग सापडला. एका व्हेरिएबलमध्ये स्टीमच्या फोल्डरचा पत्ता यायचा आणि पुढे आरएम डॅश आरएफ, तो व्हेरिएबल, स्लॅश, स्टार. आत सीडी फेल झालं की व्हेरिएबल रिकामा, उरलं फक्त स्लॅश स्टार. म्हणजे युजरला जे जे उडवायची परवानगी आहे ते सगळं, जोडलेल्या एक्स्टर्नल डिस्कसकट. गंमत म्हणजे त्या ओळीच्या वर लिहिणाऱ्याने "स्केअरी" अशी कॉमेंट टाकली होती. भीती वाटली, पण चेक नाही टाकला.

यावर लोक सांगतात, सेट डॅश यू लावा. लावा, पण ते व्हेरिएबल ठरवलेलाच नसेल तर अडवतं. रिकामा असेल तर सोडून देतं, आणि स्टीममध्ये तो रिकामाच होता. दोन्ही अडवायचे तर डॉलर, महिरपी कंसात व्हेरिएबलचं नाव, कोलन, प्रश्नचिन्ह. रिकामा निघाला की स्क्रिप्ट तिथेच मरते. आणि आरएमचं प्रिझर्व्ह रूट वाचवेल या भरवशावर राहू नका. ते एकट्या स्लॅशला अडवतं. स्लॅश स्टारचा विस्तार शेल आधीच करून टाकतं, आरएमला फक्त फोल्डरांची यादी दिसते.

दुसरा किस्सा क्योटो विद्यापीठाचा, डिसेंबर 2021. सुपरकॉम्प्युटरच्या स्टोरेजमधून सुमारे 77 टेराबाइट डेटा उडाला, 14 संशोधन गटांचा. दहा दिवसांपेक्षा जुने लॉग काढणारी स्क्रिप्ट होती. ती चालू असतानाच पुरवठादार कंपनीने तिच्यावर नवीन आवृत्ती लिहिली. बॅश अख्खी स्क्रिप्ट आधी वाचून ठेवत नाही, चालवत चालवत पुढचं वाचतं. मधूनच नवीन फाइल वाचली गेली, व्हेरिएबल ठरलेलेच नव्हते, आणि लॉगच्या जागी मुख्य डेटावर फाइंड चाललं. काही गटांचा डेटा परत मिळालाच नाही.

याचा उपाय मघाच्या आयनोडमध्येच आहे बघा. नवीन आवृत्ती त्याच फोल्डरमध्ये वेगळ्या नावाने ठेवा आणि एमव्हीने जुन्या नावावर आणा. नाव नवीन आयनोडकडे जातं, आणि चालू स्क्रिप्ट जुनाच आयनोड धरून शेवटपर्यंत नीट चालते. ज्या गोष्टीने मला रात्री छळलं तीच इथे वाचवते.

आता माझ्या स्क्रिप्टमध्ये सीडीनंतर "किंवा एक्झिट", म्हणजे दोन पाइप आणि एक्झिट, असतंच. फाइंड आधी डॅश प्रिंटने चालवतो, यादी डोळ्याने बघतो, मग डिलीट. आणि डिलीट कायम सगळ्यात शेवटी लिहायचं. फाइंड डावीकडून उजवीकडे जातं, डिलीट आधी आणि दिवसांची अट नंतर लिहिली तर अट बघायच्या आधीच फाइल गेलेली असते.

क्रॉनचे प्रश्न खूप आलेत, त्यातला एकच घेतो. "रात्री बाराचा जॉब पहाटे साडेपाचला का चालतो?" कारण तुमचा सर्व्हर यूटीसीवर आहे. आपली रात्रीचे बारा म्हणजे तिथले 18:30. टाइमडेटसीटीएल मारून बघा. आणि क्रॉनटॅबच्या ओळीत तारखेसाठी टक्क्याचं चिन्ह वापरलंत तर आधी बॅकस्लॅश द्या, नाहीतर क्रॉन तिथे ओळ तोडतं.

ते बॅकअपचं झिप आता दुसऱ्या डिस्कवर बनतं, आणि बॅकअप झाला नाही तर सकाळी ज्युनियरला आणि मला दोघांनाही मेसेज येतो. परवाच एक आला होता, टक्क्याचाच घोळ होता. बाकीचे प्रश्न पुढच्या भागात घेतो. चला, भेटू.