चंद्रग्रहण आणि घरातील शाळा

(संगमनेर येथील वार्षिक ज्ञातिमेळाव्यातील भाषण)



आम्ही आयुष्यभर मुलांस भूगोल शिकविला. पृथ्वीची छाया पडून चंद्रास ग्रहण लागते, हे फळ्यावर आकृती काढून किती वेळा सांगितले याची गणती नाही. परंतु घरी गरोदर पत्नीस ग्रहणात पाण्याचा घोटही न देता काळोखात बसविले गेले, तेव्हा आम्ही मुकाट राहिलो. ती कबुली देण्यासच आज उभे आहोत.

७ सप्टेंबर २०२५ रोजी, भाद्रपद पौर्णिमेस, खग्रास चंद्रग्रहण होते. सूनबाई गरोदर, घरात वेध पाळण्याची तयारी चाललेली. आठ वर्षांच्या नातवाने विचारले, "आजोबा, पुस्तकातले खरे की घरातले?"

आम्ही त्यास दिव्याकडे पाठ करून उभे केले व हाती मोसंबे दिले. दिवा सूर्य, त्याचे डोके पृथ्वी, मोसंबे चंद्र. हात लांब करून तो सावकाश फिरला, तो मोसंबे त्याच्याच डोक्याच्या सावलीत बुडाले. "मग दर पौर्णिमेस का नाही?" आम्ही हात किंचित वर धरावयास सांगितला; मोसंबे सावलीवरून निसटले. चंद्राची कक्षा सुमारे ५ अंशांनी कललेली आहे, हे मागाहून सांगितले.

आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, "म्हणजे पंचांग खोटे?" आम्ही म्हणालो, मुळीच नाही. आर्यभटाने पंधराशे वर्षांपूर्वीच भूछाया हे कारण सांगितले. गणेश दैवज्ञांनी १५२० साली 'ग्रहलाघव' रचून ग्रहणाचे गणित सुलभ केले. पंचांगातील वेळ गणितातून येते. राहूला भूक केव्हा लागेल, हे का कोणी मिनिटांत सांगू शकेल?

रात्री ९ वाजून ५७ मिनिटांनी छायेचा स्पर्श झाला. ढगांच्या फटीतून छायेची वाटोळी कड दिसताच नातू ओरडला, "ही आपली पृथ्वी!" पुढे ८२ मिनिटे चंद्र पूर्ण ग्रासलेला होता, पृथ्वीच्या वातावरणातून वळून आलेल्या प्रकाशाने तो तांबूस दिसे. सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी कदापि पाहू नये, चंद्रग्रहणास ते भय नाही, हेही त्यास बजावले.

तेवढ्यात सौभाग्यवतींनी आपण होऊन सूनबाईंस पाण्याचा तांब्या दिला व हात धरून अंगणात आणले.

आज नात सुखरूप आहे. त्याचे श्रेय ग्रहणदर्शनास नव्हे, वेळेवर मिळालेल्या अन्नपाण्यास आहे. बंधूंनो, मुलास शाळेत एक व घरी दुसरे शिकवू नका. वडीलधाऱ्यांची थट्टाही करू नका. त्यांनाही अंगणात बोलवा. इतके बोलून आम्ही आपली रजा घेतो.