अणुयुद्धाची छाया आणि राज्यकर्त्यांचा संयम
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



माझ्यासारख्या कापड दुकानदाराने अणुयुद्धावर बोलावे याचे काहींना नवल वाटेल. माझी पदवी बी. कॉम.ची, पदार्थविज्ञानाशी माझा संबंध नाही. परंतु बॉम्ब शास्त्रज्ञ बनवतात आणि तो वापरायचा की नाही हे राज्यकर्ते ठरवतात. म्हणून हा विषय आपणा सर्वांचाच आहे.

११ मे १९९८ रोजी पोखरणची बातमी आली तेव्हा ऐन लग्नसराई होती. मी उत्साहाने दोन किलो कंदी पेढे आणवले आणि आल्या गिऱ्हाइकाला वाटले. गादीवर बसलेल्या अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पेढा हाती घेतला नाही. एवढेच विचारले, "हा बॉम्ब टाकायला केलाय, की न टाकायला?" मला उत्तर देता आले नाही. सतरा दिवसांनी, २८ मे रोजी, पाकिस्ताननेही चाचण्या केल्या आणि तिकडेही मिठाई वाटली गेली. अण्णांच्या प्रश्नासाठी मी वाचू लागलो आणि वाचता वाचता आपल्या कृष्णाकाठीच येऊन पोहोचलो.

देवराष्ट्रे येथे जन्मलेले आणि कराडला घडलेले यशवंतराव चव्हाण नोव्हेंबर १९६२ मध्ये देशाचे संरक्षणमंत्री झाले. त्याआधीचा ऑक्टोबर महिना मोठा भयंकर होता. २० तारखेला चीनने आपल्यावर मोठा हल्ला चढवला. त्याच आठवड्यात, क्यूबात गुपचूप नेऊन ठेवलेल्या रशियन क्षेपणास्त्रांवरून जग अणुयुद्धाच्या उंबरठ्यावर आले. तो धोका ख्रुश्चेव्ह यांनी ओढवून घेतलेला होता. केनेडींच्या कित्येक सल्लागारांना हवाई हल्ला हवा होता. त्यांनी सागरी नाकेबंदी पत्करली आणि दोघांनाही विचाराला अवधी मिळवून दिला. २८ तारखेला ख्रुश्चेव्ह यांनी माघार जाहीर केली. तुर्कस्तानातील अमेरिकन क्षेपणास्त्रे काढून घेण्याचे वचन केनेडींनी दिले होते, ते मात्र गुप्त राहिले. सौद्यात समोरच्याची पत राखावी लागते, हे आम्हा व्यापाऱ्यांना कुणी शिकवावे लागत नाही.

यशवंतराव संरक्षण खात्यात असतानाच, १६ ऑक्टोबर १९६४ रोजी, चीनने पहिला अणुस्फोट केला. आठच दिवसांत डॉ. होमी भाभांनी आकाशवाणीवरील भाषणात अमेरिकन आकड्यांच्या आधारे हिशेब मांडला: दहा किलोटनांच्या एका स्फोटाचा खर्च साडेसतरा लाख रुपये. भाभांच्या विद्वत्तेपुढे मी नतमस्तक आहे, पण ही पडतळ मला पटत नाही. सुताचा भाव सांगायचा आणि माग, मजुरी, गाडीभाडे सोडून द्यायचे, असा तो हिशेब. अणुभट्टी, प्लुटोनियमचा कारखाना, बॉम्ब वाहून नेणारी विमाने त्यात कुठे होती? भाभांच्या निधनानंतर अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झालेले डॉ. विक्रम साराभाई, अहमदाबादच्या जैन घराण्यातले, यांनी नेमकी हीच शंका उघडपणे उपस्थित केली. दरम्यान पंतप्रधान शास्त्रीजींवर स्वपक्षातूनच दडपण आले होते. नोव्हेंबर १९६४ च्या गुंटूर येथील काँग्रेस अधिवेशनात ते बॉम्बला नकार देऊन उभे राहिले. शांततामय स्फोटाच्या संशोधनाला त्यांनी पुढे संमती दिली, म्हणजे दार पूर्ण लावून घेतले नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

खरी कसोटी १९६५ च्या सप्टेंबरात लागली. १ तारखेला पाकिस्तानी रणगाडे छांबमध्ये घुसले, तेव्हा यशवंतरावांनी हवाई दलाला काही मिनिटांत परवानगी दिली. हा माणूस कचरणारा नव्हता. पुढे लढाई ऐन भरात असताना १६ तारखेच्या रात्री चीनचा निर्वाणीचा खलिता आला: सिक्कीम सीमेवरील लष्करी बांधकामे तीन दिवसांत पाडा, नाहीतर परिणाम भोगा. चीनच्या तोवर दोन अणुचाचण्या झाल्या होत्या. आपल्याकडे काहीच नव्हते. ऐंशीहून अधिक खासदारांनी बॉम्बची मागणी करणारे पत्र शास्त्रीजींना लिहिले. सरकारने चीनला काय उत्तर दिले? संयुक्त पाहणी करू. बांधकामे तुमच्या हद्दीत निघाली तर तुम्ही खुशाल पाडा. किती साधे उत्तर! त्यात शरणागती नव्हती आणि आव्हानही नव्हते. चीनने मुदत २२ तारखेपर्यंत वाढवली, मग भारतीय सैनिक स्वतःच बांधकामे पाडून निघून गेल्याचे जाहीर केले आणि प्रकरण मिटवले. २३ तारखेच्या पहाटे पाकिस्तानशीही युद्धबंदी झाली.

पुढचा काळ बिघडत गेला. भुट्टोंनी जानेवारी १९७२ मध्ये मुलतानला शास्त्रज्ञ जमवून बॉम्बचा निर्धार केला. १९७४ मध्ये आपण पोखरणला पहिला स्फोट केला. तरी ३१ डिसेंबर १९८८ रोजी राजीव गांधी आणि बेनझीर भुट्टो यांनी एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार केला. त्यानुसार १९९२ पासून दरवर्षी १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या केंद्रांची यादी एकमेकांना देत आले. कारगिलनंतरही ती वही बंद पडली नाही.

कारगिलविषयी बोलताना जीभ अडखळते. फेब्रुवारी १९९९ मध्ये वाजपेयीजी बसने लाहोरला गेले आणि तीनच महिन्यांत घुसखोरी उघडकीस आली. तरीही नियंत्रण रेषा ओलांडू नका, असा त्यांचा आदेश होता. त्याची किंमत जवानांनी खालून वर चढत जाऊन मोजली. अपशिंग्यासारखी सैनिकांची गावे आपल्या जिल्ह्यात आहेत. तिथे उभे राहून संयम हा शब्द सहज उच्चारता येणार नाही. पण दोन्हीकडे बॉम्ब असताना ते युद्ध त्या डोंगरांपुरतेच राहिले.

अणुबॉम्बचा प्रथम वापर आपण करणार नाही, असे धोरण वाजपेयी सरकारने १९९८ मध्येच सांगितले होते आणि ४ जानेवारी २००३ रोजी ते रीतसर मांडले. अण्णांच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तिथे होते. ते ऐकायला अण्णा नव्हते. २००१ मध्येच ते गेले.

मे २०२५ मध्ये पुन्हा क्षेपणास्त्रे आणि ड्रोन सुटू लागले. शुक्रवारी दुकानातला एक तरुण कामगार म्हणाला, "शेठ, पेढे आणू का?" मी म्हटले, "उद्या बघू." शनिवारी, १० मे रोजी, दोन्ही सैन्यांच्या महासंचालकांचे दूरध्वनीवर बोलणे झाले आणि संध्याकाळी गोळीबार थांबल्याची बातमी आली. तेव्हा मी त्याला हाक मारून पाव किलो कंदी पेढे आणायला पाठवले.